मैदानावरचे टोमणे आणि आपली नाडी

दिवाळी सरली की आपल्या सांगली-मिरज भागातली मैदाने जागी होतात. टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात, जत्रांमध्ये कुस्तीचे फड लागतात, वाळवा-पलूसकडे रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डी रंगते. अशा मैदानाच्या कडेला पाच मिनिटे उभे राहिले, तरी खेळाबरोबर आणखी एक गोष्ट कानावर पडते. "ह्यो ओपनर न्हवं, सोड्याच्या बाटलीचा ओपनर हाय!" "बॅट उलटी धरलीया रं त्यानं, सांगा कुणीतरी!" "घरला जा भावा, आई जेवायला थांबलीया." प्रेक्षक हसतात, क्षेत्ररक्षक हसतात आणि बऱ्याचदा फलंदाजही हसतो.

या प्रकाराला आपल्याकडे नावांची वाण नाही. डिवचणे, खिजवणे, हुर्यो उडवणे, खुन्नस देणे हे शब्द सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. आपल्या भागातला ठसकेबाज शब्द म्हणजे 'मापं काढणे'. क्रिकेटवाले याला 'स्लेजिंग' म्हणतात. हा शब्द साठच्या दशकात ऑस्ट्रेलियात रूढ झाला. 'स्लेजहॅमर' म्हणजे घण. त्यावरून तो आला असे तिथले माजी कर्णधार इयान चॅपेल सांगतात. थोडक्यात, प्रतिस्पर्ध्याच्या मनावर घण घालायचा आणि त्याचा खेळ बिघडवायचा.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. कारण साधे आहे. स्पर्धांचा हंगाम आला की माझ्या दवाखान्यात या टोमण्यांचे रुग्ण येतात. कुणाचा मारामारीत अंगठा सुजलेला असतो, कुणाचा रक्तदाब चढलेला असतो, तर कुणाच्या मुलाचे पोट नेमके सामन्याच्या दिवशीच दुखते. शब्द कानापाशी थांबत नाही. तो पुढे छातीत, पोटात आणि हातापायांत उतरतो. कसा, ते पाहू.

शब्द कानातून कुठे जातो?

समोरून कुत्रा अंगावर धावून आला तर शरीर क्षणात तयार होते. मेंदू धोक्याचा इशारा देतो, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रिनॅलिन सोडतात, छाती धडधडते, तळहात ओले होतात, स्नायू ताठरतात, तोंडाला कोरड पडते. पळायचे किंवा लढायचे, या दोन कामांसाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. गंमत अशी की चार लोकांत झालेला अपमानही मेंदूला बऱ्याच अंशी कुत्र्यासारखाच वाटतो. शरीर तीच तयारी करते.

आता हा खेळाडू बॅट घेऊन उभा आहे असे समजा. तयारी थोडी असेल तर ती उपयोगाची असते. अजिबात धडधड नसलेला खेळाडू झोपाळल्यासारखा खेळतो. पण ती प्रमाणाबाहेर गेली की बॅटवरची पकड आवळते, खांदे ताठ होतात आणि नजर चेंडूऐवजी बोलणाऱ्याकडे वळते. डोक्यात एका वेळी थोड्याच गोष्टी मावतात. तिथे 'ह्याला आता दाखवतोच' हे वाक्य घुसले की चेंडूसाठी जागा उरत नाही.

ॲड्रिनॅलिनचा जोर काही मिनिटांत ओसरतो. पण त्याच्या मागोमाग कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरक वाढते आणि त्याची पातळी साधारण वीस ते तीस मिनिटांनी सर्वांत वर जाते. एका षटकाला चार मिनिटे धरली, तर दुसऱ्या षटकात बसलेला टोमणा सातव्या-आठव्या षटकापर्यंत रक्तात असतो. बोलणारा तोवर बोललेले विसरूनही गेलेला असतो.

यंत्राचा टोमणाही लागतो

'शब्दांनी काय होतंय? मनाला लावून घेऊ नये,' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगतो. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी ४० जणांना 'पेपर' नावाच्या यंत्रमानवाशी एक डावपेचांचा खेळ प्रत्येकी ३५ वेळा खेळायला लावले. यंत्रमानव काहींचे कौतुक करी, तर काहींना हिणवी. हिणवले गेलेल्यांचा खेळ कौतुक झालेल्यांपेक्षा उणा पडला. समोर यंत्र आहे, त्याला कुणीतरी हे बोलायला शिकवले आहे, हे कळत असूनही! या प्रयोगाचा निबंध २०१९ मध्ये नवी दिल्लीतल्या परिषदेत मांडला गेला.

दुसरा प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठातला, २००३ सालचा. संगणकावर तिघे चेंडू टाकाटाकी खेळत आहेत असे भासवून त्यातल्या खऱ्या माणसाला हळूच वगळण्यात आले. त्याच्याकडे कुणी चेंडू टाकेना. त्या वेळी मेंदूचे चित्र घेतले, तेव्हा शारीरिक वेदनेच्या त्रासाशी निगडित असलेला एक भाग उद्दीपित झालेला दिसला. 'शब्द जिव्हारी लागला' असे आपण म्हणतो, ते फारसे अलंकारिक नाही.

मात्र टोमणे मारणाऱ्यांनीही लगेच खूश होऊ नये. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात असे आढळले, की डिवचला गेलेला माणूस नुसत्या कष्टाच्या कामात उलट जास्त जोर लावतो. कल्पकतेच्या कामात त्याची कामगिरी घसरते आणि फसवणूक करण्याकडे त्याचा कल वाढतो. म्हणजे रस्सीखेचीत समोरच्याला डिवचणे हे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्यासारखे आहे. आणि जिथे डोके शांत लागते, तिथे डिवचलेला खेळाडू कधी खेळ बिघडवतो, तर कधी नियम.

गावसकरांना काय लागले?

मोठे खेळाडूही यातून सुटत नाहीत. १० फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्न कसोटीत सुनील गावसकर ७० धावांवर खेळत असताना डेनिस लिलीच्या चेंडूवर पंचांनी त्यांना पायचीत दिले. चेंडू आधी बॅटला लागला होता असे गावसकरांचे म्हणणे होते. तरीही ते निघाले होते. वाटेत ऑस्ट्रेलियन खेळाडूंचे शब्द कानावर पडले आणि ते मागे फिरले. नाबाद असलेल्या चेतन चौहानांनाही घेऊन ते मैदानाबाहेर निघाले. संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर दुर्राणी यांनी चौहानांना सीमारेषेपाशी अडवले नसते, तर भारताला सामना गमवावा लागण्याची वेळ आली असती. प्रत्यक्षात भारताने ऑस्ट्रेलियाला ८३ धावांत गुंडाळले आणि ५९ धावांनी सामना जिंकला. आपल्याला संताप आला तो त्या बोलण्याचा, असे गावसकरांनी पुढे सांगितले आणि त्या कृतीबद्दल खेदही व्यक्त केला. हेल्मेटशिवाय जगातल्या तोफखान्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचे डोके चेंडूने फिरले नाही, दोन शब्दांनी फिरले.

९ जुलै २००६ रोजी बर्लिनमध्ये विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात फ्रान्सचा झिनेदिन झिदान इटलीच्या मातेराझीच्या छातीवर डोके आपटून लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. त्याच्या बहिणीवरून काढलेले शब्द हे कारण होते. झिदानच्या कारकिर्दीतला तो अखेरचा सामना. पुढे पेनल्टी किकवर इटली जिंकली, तेव्हा झिदान मैदानात नव्हता.

आता याची दुसरी बाजू पाहा. ११ जानेवारी २०२१, सिडनी कसोटीचा शेवटचा दिवस. पाठीच्या दुखण्याने बेजार झालेला अश्विन आणि मांडीचा स्नायू दुखावलेला हनुमा विहारी सामना वाचवण्यासाठी टिच्चून उभे होते. यष्टीमागून ऑस्ट्रेलियाचा कर्णधार टिम पेन अश्विनला सारखा डिवचत होता. पुढच्या ब्रिस्बेन कसोटीत बघून घेऊ, असा त्याचा सूर होता. त्या शाब्दिक चकमकीनंतर थोड्याच वेळात त्याने विहारीचा झेल सोडला. सामना अनिर्णित राहिला. दुसऱ्या दिवशी पेनने आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली. आणि १९ जानेवारीला अजिंक्य रहाणेच्या संघाने ब्रिस्बेनलाच तीन गडी राखून विजय मिळवला. झेल सुटायला इतर कारणेही असतात, पण जो बोलण्यात गुंततो, त्याचेही लक्ष वाटले जातेच. टोमण्याचे बिल दोघांनाही येते.

आपल्या सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांची आठवण इथे होते. अबोल आणि संकोची म्हणून ते ओळखले जात. १९४८ साली ॲडलेडला लिंडवॉल-मिलरच्या माऱ्यासमोर त्यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ अशी दोन शतके काढली.

कबड्डीचा दम आणि एक मुलगा

आपल्या मातीतल्या खेळांची यातली रीत पाहण्यासारखी आहे. कुस्तीत शड्डू ठोकणे हे आव्हानच. पण त्याला जात नाही, आई-बहीण नाही. हलगीच्या तालावर मल्ल मांडी थोपटतो आणि सलामी देऊन भिडतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याला तर उलट बोलायची सोयच नाही. त्याचे तोंड 'कबड्डी कबड्डी'त गुंतलेले असते. बोलायला मोकळे असतात ते सात बचावपटू.

एका मुलाची हकीगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मिरज तालुक्यातल्या एका गावचा हा चौदा वर्षांचा मुलगा शाळेच्या संघातला चढाईपटू होता. सामन्याच्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात कळ येई. आई त्याला घेऊन आली तेव्हा म्हणाली, "डॉक्टरसाहेब, जंताचं औषध झालं, गॅसच्या गोळ्या झाल्या, नजर पण काढली." मी पोट तपासले, वजन पाहिले, आवश्यक त्या चाचण्या केल्या. सगळे ठीक होते. मग आईला बाहेर बसवून त्याच्याशी बोललो. बोलताना तो अडखळत होता. तोतरेपणा लहानपणापासूनचा. पण 'कबड्डी कबड्डी' म्हणताना तो अजिबात अडखळत नसे. हे खरेच घडते. तालात, लयीत, गाण्यासारखे म्हटले की तोतरेपणा पुष्कळांचा कमी होतो. त्या मुलासाठी चढाईचे ते अर्धे मिनिट ही एकच जागा अशी होती, जिथे त्याची जीभ मोकळी चाले.

शेजारच्या गावच्या पोरांना हे कळले. तो चढाईला आला की ते एका सुरात "क-क-क-कबड्डी" असे चाळवायचे. एकदा त्याचा दम तुटला, पंचांनी बाद दिले आणि सगळे मैदान हसले. त्या दिवसापासून पोट दुखू लागले. घरी सांगितले का, असे विचारल्यावर म्हणाला, "ब-बाबा म्हणत्यात, बायकांवाणी रडू नको."

त्याला पोटाचे औषध दिले नाही. वाचोपचार तज्ज्ञाकडे पाठवले, वडिलांना बोलावून घेतले आणि शाळेच्या क्रीडाशिक्षकांना त्याच्या संमतीने चिठ्ठी दिली. शिक्षक समजूतदार निघाले. पुढच्या सामन्याआधी त्यांनी पंचांच्या कानावर गोष्ट घातली. पंचांनी पहिल्याच चाळवणीला हिरवे कार्ड दाखवले. मुलाचा तोतरेपणा पूर्ण गेलेला नाही, टोमणेही थांबलेले नाहीत. पण तो खेळतो आहे आणि पोट दुखत नाही.

रेघ कुठे ओढायची?

मग मैदानावर कुणी काही बोलूच नये का? तसे झाले तर खेळाची निम्मी मजा जाईल. माझ्या मते रेघ सोपी आहे. खेळाविषयी बोला, माणसाविषयी नको. 'तुझी बॅट उलटी आहे' यावर उत्तर देता येते. पुढच्या चेंडूवर चौकार मारला की झाले. पण रंग, जात, धर्म, शरीराचे व्यंग, आई-बहीण यांवर चौकार मारता येत नाही. तिथे खेळाडूकडे उत्तर नसते, म्हणून घाव खोल जातो.

याच सिडनी कसोटीत प्रेक्षकांतून महंमद सिराजवर अभद्र शेरेबाजी झाली. त्याने कर्णधार रहाणेला सांगितले, रहाणेने पंचांना सांगितले, खेळ थांबला आणि सहा प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. सिराजने सहन केले नाही, पण प्रेक्षकांत घुसूनही गेला नाही. तक्रार करणे हा दुबळेपणा नाही, हे मुलांना सांगायला हा प्रसंग चांगला आहे.

नियमही खेळाडूच्या बाजूने आहेत. कबड्डीत हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर आणि लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. क्रिकेटच्या १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झालेल्या नियमावलीत अपमानकारक भाषेला आधी ताकीद आणि पुन्हा घडल्यास समोरच्या संघाला ५ धावा देण्याची तरतूद आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जातीवरून चारचौघांत अपमान करणे, हा तर १९८९ च्या कायद्याने गुन्हा आहे. मैदान त्यातून सुटत नाही.

आणि तो जुना टोमणा, 'बांगड्या भरल्यात काय?' २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघाची उपकर्णधार स्मृती मानधना आपल्या सांगलीत वाढलेली. निदान या जिल्ह्यात तरी हा टोमणा आता बंद व्हायला हरकत नाही.

काय करावे?

खेळणाऱ्यांसाठी: टोमणा कानावर पडला की आधी श्वास सोडा. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. चार आकडे मोजत घ्या, सहा मोजत सोडा, असे तीन वेळा. सावकाश श्वास सोडताना हृदयाची गती कमी होते, हे नाडीवर बोट ठेवून कुणालाही पाहता येईल. मग हाताला एक ठरलेले काम द्या: हातमोजा घट्ट करणे, खेळपट्टी ठोकणे, बुटाची नाडी पाहणे. दर वेळी तेच. आणि मनाशी एकच गोष्ट म्हणा, 'पुढचा चेंडू'. हे घरी सरावात करा. सामन्यात पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही.

पालकांसाठी: पोटदुखी, डोकेदुखी, उलटीची भावना, झोपेत दचकणे किंवा अंथरूण ओले करणे हे ठरावीक वारी किंवा सामन्याच्या आधीच होत असेल, तर मुलाला एकटे घेऊन शांतपणे विचारा. आजकाल सामना संपल्यावर टोमणे मोबाईलच्या ग्रुपवरही चालू राहतात, तेही विचारा. मात्र पोटदुखीने रात्री झोपमोड होत असेल, वजन घटत असेल, ताप, हिरवी किंवा रक्ताची उलटी, शौचातून रक्त असे काही असेल, तर मनाचे कारण समजून घरी बसू नका; डॉक्टरांना दाखवा. मूल गप्प-गप्प राहू लागले, मरणाच्या गोष्टी करू लागले, तर एक दिवसही थांबू नका. 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मुलांसाठी १०९८ आहे.

शिक्षक आणि मंडळांसाठी: स्पर्धेच्या आधी दोन्ही कर्णधारांना पंचांसमोर रेघ सांगा. ध्वनिक्षेपकावरचा निवेदकच खेळाडूंची मापं काढत असेल, तर आधी त्याला आवरा.

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी: मंडळाच्या स्पर्धेत आपणही पॅड बांधता, किंवा निदान सीमारेषेवरून भांडता. २०१४ मध्ये नऊ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. संतापाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे पावणेपाच पट होतो, असे त्यात दिसले. झिदानच्या त्याच २००६ च्या विश्वचषकात, जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या घटना २.६६ पट झाल्या होत्या. ते सगळे बघणारे होते, खेळणारे नव्हते. रक्तदाबाची गोळी सामन्याच्या दिवशी चुकवू नका. छातीत दाब, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ असे काही वाटले, तर 'निकाल लागू दे, मग जाऊ' म्हणू नका.

येत्या रविवारी मैदानावर जाल, तेव्हा एक छोटा प्रयोग करून पाहा. जागेवर बसल्यावर मनगटाची नाडी पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. बसलेल्या निरोगी माणसाची ती साधारण ६० ते १०० असते. मग एखाद्या पोराला चांगलाच झोंबणारा टोमणा पडेल, सगळे हसतील, कुणीतरी उलट बोलेल. तेव्हा पुन्हा मोजा. आकडा बहुधा वाढलेला असेल. टोमणा तुम्हाला नव्हता, तरीही. ज्याला तो होता, त्या पोराची नाडी कुठे गेली असेल याचा अंदाज मग तुमचा तुम्हालाच येईल.